अंगावर पिणाऱ्या मुलाची रात्रीची झोप

मूल एक वर्षाचे होते, चालू लागते, घरातील भातवरण खाऊ लागते. तरीही रात्री दोनतीन वेळा, काही घरांत त्याहूनही अधिक वेळा, ते जागे होऊन अंगावर पिण्यासाठी आईला उठवते. हा अनुभव अपवादात्मक नाही. तथापि ज्या मातेला पहाटे उठून घरचा स्वयंपाक करावयाचा असतो व नंतर नोकरीवर जावयाचे असते, तिच्या दृष्टीने महिनोन्‌महिने तुटक झोप ही केवळ गैरसोय राहत नाही. तिच्या प्रकृतीचा, मनःस्वास्थ्याचा आणि कित्येकदा स्तन्यपान पुढे चालू राहते की नाही ह्याचाच तो प्रश्न होऊन बसतो.

अशा मातेपुढे बहुधा दोनच मार्ग ठेवले जातात. ‘आता अंगावरचे दूध तोडा, म्हणजे मूल आपोआप झोपेल’ हा एक; आणि ‘अंगावर पिते आहे तोवर हे सोसलेच पाहिजे’ हा दुसरा. हे दोन्ही उपदेश एकाच गृहीतावर उभे आहेत. रात्री जागे होणे आणि रात्री दूध पिणे ही एकच घटना होय, असे ते गृहीत आहे. गेल्या सुमारे सत्तर वर्षांतील निद्राविषयक व बालविकासविषयक संशोधन पाहता हे गृहीत टिकत नाही. ह्या दोन घटना भिन्न आहेत, त्यांची कारणे भिन्न आहेत, आणि म्हणूनच स्तन्यपान न थांबवता रात्रीची झोप सुधारणे शक्य आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. येथील विवेचन एक ते अडीच वर्षे वयाच्या मुलांपुरते मर्यादित आहे. वर्षाच्या आतील अर्भकाची रात्रीची भूक हा निराळा विषय असून पुढील विधाने त्याला लागू करू नयेत.

१. झोपेची घडण

झोप ही अखंड व एकसुरी अवस्था नव्हे, हे १९५३ साली शिकागो विद्यापीठातील यूजीन अॅसेरिन्स्की व नॅथनियल क्लाइटमन ह्यांनी स्पष्ट केले. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांची ठरावीक अंतराने होणारी जलद हालचाल त्यांनी नोंदविली आणि त्यावरून निद्रेच्या दोन भिन्न अवस्था ओळखल्या गेल्या. ह्या शोधाचा आरंभ झोपलेल्या अर्भकांच्या डोळ्यांच्या निरीक्षणातून झाला होता, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ह्या अवस्था चक्राकार येतात. प्रौढाचे एक चक्र सुमारे ९० मिनिटांचे असते. अर्भकाचे ५० ते ६० मिनिटांचे असून बालपणात ते हळूहळू लांबत जाते. चक्राच्या सांध्यावर झोप पातळ होते आणि क्षणभर जाग येते. प्रौढ मनुष्य कूस बदलतो, पांघरूण ओढतो व पुन्हा झोपतो. सकाळी त्याला त्याची आठवणही नसते. लहान मुलाचे चक्र आखूड असल्यामुळे असे सांधे त्याच्या रात्रीत अधिक येतात. यास्तव जाग येणे हा दोष नसून झोपेच्या रचनेचाच तो भाग आहे.

दुसरी गोष्ट झोपेच्या नियमनाची. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली ह्यांनी १९८२ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार झोपेवर दोन प्रक्रियांचा अंमल असतो. जागेपणाच्या काळात झोपेची गरज साठत जाते व झोपेत ती फिटत जाते, ही एक प्रक्रिया. आणि शरीरातील चोवीस तासांची जैविक लय ही दुसरी. रात्रीच्या आरंभी साठलेली गरज सर्वांत मोठी असल्यामुळे पहिल्या काही तासांची झोप गाढ असते. पहाटेपर्यंत ती गरज बरीचशी फिटलेली असते, आणि झोप पातळ होते. रात्री दहाला जाग आलेले मूल थोपटताच निजते, परंतु पहाटे साडेचारला तेच मूल कशानेही निजत नाही, ह्या सर्वपरिचित अनुभवाचे कारण येथे सापडते. पुढे उपायांचा विचार करताना ह्या भेदाचा फार उपयोग होतो.

एकूण झोप किती हवी ह्याविषयी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ह्या संस्थेने २०१६ साली व जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेले प्रमाण एकच आहे : एक ते दोन वर्षांच्या मुलास दुपारची झोप धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास. हे प्रमाण एकूण झोपेचे आहे, अखंड झोपेचे नाही. सलग बारा तास झोपणारे मूल हा कोणत्याही शास्त्रीय मापाने ठरविलेला आदर्श नव्हे.

२. निरीक्षणे काय सांगतात

‘मूल रात्रभर झोपते’ ह्या वाक्याचा अर्थ संशोधकांनी वेळोवेळी निरनिराळा घेतला आहे. लंडनमधील मुलांचा अभ्यास करणाऱ्या मूर व अक्को ह्यांनी १९५७ साली मध्यरात्र ते पहाटे पाच एवढ्याच वेळेत न उठणे म्हणजे रात्रीची झोप लागणे अशी व्याख्या केली. तीन महिन्यांच्या सुमारास ७० टक्के मुले ह्या कसोटीस उतरली. परंतु एकदा झोप लागलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात पुन्हा उठू लागली, असेही त्यांना आढळले. रात्रीची झोप ही एकदा साधली की कायमची साधली, असा प्रकार नाही, हे त्यावरून दिसते.

ह्याहून महत्त्वाचे काम थॉमस अँडर्स ह्यांनी अमेरिकेत केले. मुलांच्या बिछान्याजवळ कॅमेरा ठेवून त्यांनी संपूर्ण रात्रीचे चित्रण केले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात असे दिसून आले की आईबापांच्या मते रात्रभर झोपणारी मुलेही प्रत्यक्षात जागी होत असतात. मात्र ती कोणाला हाक न मारता पुन्हा झोपतात. म्हणजे झोपणारे मूल आणि जागणारे मूल असा भेद नसून, जाग आल्यावर स्वतः झोपणारे मूल आणि हाक मारणारे मूल असा तो भेद आहे. १९९२ सालच्या पुढील अभ्यासात ह्या भेदाचे एक कारणही पुढे आले. रात्रीच्या आरंभी जागेपणी बिछान्यावर ठेवलेली मुले नंतरच्या जागेच्या वेळी आपापली झोपण्याचा संभव अधिक होता. आधीच झोपवून मग ठेवलेल्या मुलांच्या बाबतीत तो कमी होता.

अंगावर पिणाऱ्या मुलांचा स्वतंत्र विचार १९८६ साली मार्जोरी इलायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दुसऱ्या वर्षातही अंगावर पिणारी मुले दीर्घ अखंड झोपेकडे न वळता आखूड टप्प्यांतच झोपत राहतात आणि आईच्या कुशीत निजणाऱ्या मुलांत हा प्रकार सर्वांत ठळक असतो, असे त्यांना दिसले. जेम्स मकेना ह्यांच्या प्रयोगशाळेतील अभ्यासांनीही कुशीत निजणारी अर्भके रात्री अधिक वेळा पितात, हे दाखविले आहे. भारतातील बहुसंख्य घरांत आई व मूल एकाच अंथरुणावर निजत असल्यामुळे ही निरीक्षणे आपल्याकडे विशेष लागू पडतात. आपल्याकडील मुले रात्री वारंवार पितात, ह्यात त्यांच्या वळणाचा दोष नसून निजण्याच्या रीतीचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

तर मग दूध तोडताच मूल झोपेल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एमी ब्राउन व व्हिक्टोरिया हॅरीज ह्यांनी २०१५ साली ब्रिटनमधील सहा ते बारा महिन्यांच्या मुलांच्या ७१५ मातांच्या पाहणीतून दिले आहे. त्यांपैकी ७८ टक्के मुले रात्री निदान एकदा उठत होती, आणि अंगावर पिणारी व बाटलीचे दूध पिणारी मुले ह्यांच्या उठण्यात फरक नव्हता. दिवसा अधिक दूध व अन्न घेणारी मुले रात्री कमी पीत होती. परंतु ती कमी वेळा उठत होती असे नाही. ही मुले वयाने लहान असली तरी प्रस्तुत विषयाचे मर्म ह्या निष्कर्षात आले आहे. आहाराने पिणे कमी होते, जाग कमी होत नाही. जागेनंतर काय घडते हे मात्र बदलता येते.

३. साहचर्य व सवय

प्रत्येक मनुष्य काही ठरावीक परिस्थितीत झोपी जातो : ओळखीची उशी, अंधार, पंख्याचा आवाज. त्या परिस्थितीशी झोपेचे साहचर्य जडते. मध्यरात्री जाग आली असता तीच परिस्थिती भोवती असेल तर पुन्हा झोप लागते; उशी नाहीशी झाली असेल तर मनुष्य पुरता जागा होऊन ती शोधू लागतो. ज्या मुलाला रोज तोंडात स्तन असतानाच झोप लागते, त्याच्या दृष्टीने स्तन ही ती उशी होय. चक्राच्या सांध्यावर त्याला जाग येते तेव्हा उशी जागेवर नसते. त्याचे रडणे पुष्कळदा भुकेचे नसून ह्या शोधाचे असते. म्हणूनच दोनचार घोट घेताच, पोट भरण्याइतका वेळ होण्यापूर्वीच, ते पुन्हा निजते.

स्तनाशी जडलेले हे साहचर्य मोडणे कठीण का जाते, हेही पाहावयास हवे. चोखण्याची क्रिया, आईचा वास व उब ह्या सर्व गोष्टी शामक आहेत. शिवाय रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक असते व दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. स्वतःची जैविक लय घडलेली नसते अशा पहिल्या काही महिन्यांत ह्याचा उपयोग असणे संभवनीय आहे; एक वर्षाच्या मुलाच्या शरीरात मात्र ही लय केव्हाच स्थिर झालेली असते. म्हणजे रात्री अंगावर पाजून निजवणे ही आईची चूक नव्हे. ती अत्यंत कार्यक्षम रीत आहे. तिची किंमत देणे आईला अशक्य होऊ लागते, एवढाच प्रश्न असतो.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे आंशिक प्रबलनाचा नियम आठवेल. फर्स्टर व स्किनर ह्यांनी १९५७ साली प्रबलनाच्या निरनिराळ्या क्रमांचे जे विस्तृत विवेचन केले, त्यातून हे प्रस्थापित झाले की प्रत्येक वेळी फळ मिळणाऱ्या वर्तनापेक्षा कधी मिळणाऱ्या व कधी न मिळणाऱ्या वर्तनाचे विलोपन अधिक कठीण असते. ‘आज नाही द्यायचे’ असे ठरवून अर्धा तास रडू दिल्यावर शेवटी पाजणारी आई मुलाला नकळत एवढेच शिकविते की अर्धा तास रडल्यावर दूध मिळते. नियम कोणता असावा ह्यापेक्षा तो स्थिर असावा, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जो नियम पाळण्याची शक्ती घरात नाही, तो त्या रात्री लागूच करू नये.

४. रात्रीच्या आधी दिवस

बदलास आरंभ करण्यापूर्वी मुलाची भूक दिवसा भागते की नाही, हे पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या वयात आईच्या दुधातून सुमारे एक तृतीयांश ऊर्जा मिळते. उरलेली, सरासरी ५५० किलोकॅलरी, पूरक आहारातून मिळावी लागते. अनेक घरांत येथे एक दुष्टचक्र आढळते. मूल रात्री पुष्कळ पिते, म्हणून सकाळी त्याला भूक नसते. दिवसा ते नीट जेवत नाही, म्हणून रात्री पुन्हा पिते. पातळ पेज व वरणाचे पाणी ह्यांनी पोट भरल्यासारखे दिसले तरी ऊर्जा फार मिळत नाही. घट्ट मऊ भात व वरण, वर तूप, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली नाचणीची लापशी, खाणाऱ्यांच्या घरी अंडे, अशा अन्नाने हे चक्र दिवसाच्या बाजूने तोडता येते.

नोकरी करणाऱ्या मातेच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. ती संपल्यावर आई दिवसाचे आठदहा तास, आणि मुंबईसारख्या शहरात प्रवास धरून त्याहूनही अधिक वेळ, घराबाहेर असते. मूल दिवसा आईवाचून राहते आणि दूध व सहवास ह्या दोहोंची भरपाई रात्री करते. अशा मुलाला रात्री नाकारण्यापूर्वी दिवसात दुसरी जागा करून देणे न्याय्य होय. कामावर जाण्यापूर्वी एकदा व घरी आल्यावर स्वयंपाकाला लागण्यापूर्वी एकदा, घाई न करता, मुलाला जवळ घेऊन पाजले तर रात्रीची मागणी सौम्य होते. मात्र ती अर्धी घटका आईला मिळावयाची तर चुलीपाशी दुसरे कोणी उभे राहिले पाहिजे, हे उघड आहे.

काही जागरणे आजाराची असतात. घोरणे व तोंडाने श्वास घेणे, कानाचा ठणका, अंगावरील इसब, जंतांमुळे रात्री गुदद्वारी सुटणारी खाज, ह्यांवर सवयीचे उपाय चालत नाहीत. वैद्यकीय तपासणीच हवी. लोहाच्या कमतरतेचाही येथे विशेष विचार केला पाहिजे. आईच्या दुधात लोह अल्प असते, आणि लोहाची उणीव असलेल्या मुलांत पायांची अस्वस्थता व तुटक झोप आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेता ही शंका दूरची म्हणता येत नाही.

५. बदलाचा क्रम

वरील विवेचनावरून उपायांचा क्रम बराचसा आपोआप निघतो.

पहिली पायरी संध्याकाळची. निजण्याची वेळ ठरावीक असावी व तिच्या आधीचा क्रम रोज तोच असावा. जोडी मिंडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली सात महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या ४०५ मातांसह केलेल्या अभ्यासात स्नान, अंगास तेल वा मलम चोळणे व शांत खेळ अथवा गाणे एवढ्याच ठरावीक क्रमाने अवघ्या काही आठवड्यांत मुलांची झोप व मातांची मनःस्थिती सुधारली. आपल्याकडे तेल लावणे, गोष्ट व अंगाई ही सामग्री घरोघरी आहेच. फक्त तिचा क्रम व वेळ बांधून घ्यावयाची आहे. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबली तर रात्रीची गरज साठत नाही, हेही विसरू नये.

दुसरी पायरी दूध व झोप ह्यांची ताटातूट करण्याची. निजण्यापूर्वीचे पाजणे बंद करावयाचे नाही. ते क्रमात अलीकडे आणावयाचे आहे. दिवा चालू असताना बसून पाजावे, मग दात पुसावेत, मग गोष्ट, मग दिवा मालवून अंथरुणावर थोपटणे. मूल पिता पिता पेंगू लागले तर पूर्ण झोप लागण्यापूर्वी हलकेच सोडवून घ्यावे. एलिझाबेथ पँटली ह्यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात ही रीत सविस्तर सांगितली आहे. हा बदल रात्रीच्या आरंभी करावयाचा, कारण तेव्हा झोपेची गरज सर्वांत प्रबल असते आणि आईचा धीरही शाबूत असतो. पुष्कळ मुलांच्या बाबतीत एवढ्याने मध्यरात्रीच्या एकदोन हाका कमी होतात.

तिसरी पायरी राखीव काळाची. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जे गॉर्डन ह्यांनी कुशीत निजणाऱ्या, एक वर्षावरील मुलांसाठी दहा रात्रींची योजना सुचविली आहे. आईला झोपेची सर्वाधिक गरज असते असे सात तास, उदाहरणार्थ रात्री अकरा ते सकाळी सहा, निवडावयाचे. त्याआधी व नंतर मूल हवे तितके पिऊ शकते. राखीव काळात पहिल्या तीन रात्री थोडेसे पाजून, झोप लागण्यापूर्वी सोडवून, थोपटावयाचे. पुढील तीन रात्री न पाजता जवळ घेऊन शांत करावयाचे. शेवटच्या चार रात्री उचलून न घेता केवळ स्पर्श व आवाज ह्यांनी धीर द्यावयाचा. ह्या योजनेत मूल कोठेही एकटे टाकले जात नाही, हा तिचा विशेष होय. ते रडते, परंतु कोणाच्या तरी सोबतीत रडते. दहा हा आकडा काटेकोर मानण्याचे कारण नाही. एकेका टप्प्यास आठवडा लागला तरी क्रम तोच राहतो. राखीव काळही आरंभी मूर व अक्को ह्यांच्या व्याख्येइतका, म्हणजे मध्यरात्र ते पाच, ठेवणे शहाणपणाचे ठरेल. पहाटेचे पाजणे सर्वांत शेवटी सोडावे, कारण त्या वेळी निसर्ग साहाय्याला नसतो.

दीड वर्षाच्या पुढील मुलास बोललेले पुष्कळ समजते. ‘आता दूध निजले, उजाडले की मिळेल’ हे वाक्य दिवसा, खेळता खेळता, अनेकदा सांगून ठेवावे. मध्यरात्री प्रथमच ऐकलेला नियम मुलाला अन्याय वाटतो. रात्री बोलणे थोडे, दिवा मंद, आणि तहान असल्यास वाटीभर पाणी.

चौथी गोष्ट माणसांची. दुधाचा वास जवळ असताना मुलाला थोपटण्याने भागविण्यास सांगणे कठीण आहे. म्हणून काही रात्री वडिलांनी मधे निजावे व पहिली हाक त्यांनी घ्यावी. एकत्र कुटुंबात मूल मोठे होऊ लागले की त्याला आजीजवळ निजवण्याची जी रीत होती, तिच्यामागे हेच व्यवहारज्ञान दिसते. पिता जेथे हे काम ‘बायकांचे’ म्हणून टाळतो, तेथे सारी योजना एका थकलेल्या स्त्रीच्या मनोबलावर उभी राहते आणि तिसऱ्या रात्री कोसळते.

६. आक्षेप व मर्यादा

अशा बदलाने मुलाच्या मनावर आघात होईल, हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. मेलबर्न येथे ॲना प्राइस, हॅरिएट हिस्कॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेचे वळण लावण्याच्या क्रमिक पद्धतींचा अभ्यास करून त्या मुलांची सहाव्या वर्षी पुन्हा तपासणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात भावनिक स्वास्थ्य, वर्तन वा आईशी असलेले नाते ह्यांत कोणतीही हानी दिसली नाही. दीर्घकालीन लाभही दिसला नाही. ही मुले अर्भकावस्थेतील होती व त्यांची निजण्याची रीतही आपल्याहून निराळी होती, म्हणून हा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि क्रमाने व सोबतीत केलेल्या बदलाविषयीचे भय अनाठायी आहे, एवढे म्हणावयास आधार मिळतो. दीर्घकालीन लाभ नाही, ह्याचाही अर्थ स्पष्ट आहे : मूल कालांतराने स्वतःच झोपू लागते. बदल करावयाचा तो मुलाच्या भवितव्यासाठी नव्हे, आजच्या आईच्या विश्रांतीसाठी. जिला रात्री पाजण्याचा त्रास होत नाही, तिने तो करण्याचे कारण नाही. तिने मुलाचे दात रोज स्वच्छ ठेवले म्हणजे झाले.

दूध आटेल, ही दुसरी भीती. दूध मागणीनुसार बनते. रात्रीची मागणी कमी झाली की दोनचार दिवस स्तन ताठरतात. अशा वेळी आराम पडेल इतकेच दूध पिळून काढावे. दिवसाचे पाजणे चालू असल्यास दूध टिकते. मात्र रात्रीच्या पाजण्यात मोठा खंड पडल्याने पाळी व गर्भधारणक्षमता परत येऊ शकते. स्तन्यपानावर संततिनियमनासाठी विसंबणे पहिल्या सहा महिन्यांपुरते व तेही काही अटींवरच योग्य आहे, असे १९८८ साली बेलाजियो येथील तज्ज्ञांच्या बैठकीत ठरले होते. तेव्हा ह्या वयाच्या मुलाच्या मातेने तो विचार स्वतंत्रपणे करावा.

आजारपण, घर बदलणे, आईचे कामावर रुजू होणे अशा दिवसांत बदलास आरंभ करू नये. मुलाचे वजन वाढत नसेल तर वैद्याच्या सल्ल्यावाचून मुळीच करू नये. बदल चालू असता मूल आजारी पडल्यास खुशाल पाजावे आणि बरे झाल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून निघावे. दुसऱ्या वेळी वाट बहुधा आखूड होते.

७. समारोप

मुलाला झोपविण्याची घाई समाजाने कोठे नेली आहे, ह्याची नोंद आपल्याच इतिहासात आहे. १९२२ साली मुंबईच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये डॉ. फ्लोरेन्स बार्न्स ह्यांनी गिरणीकामगार स्त्रियांविषयी जो अहवाल दिला, त्यात कामावर जाणाऱ्या माता मुलांना अफू देऊन निजवीत असल्याचे नमूद आहे. त्या स्त्रिया निर्दय नव्हत्या; त्यांना दुसरा मार्ग नव्हता. आज अफूची जागा सर्दीखोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी घेऊ नये. क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन ह्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांना डिसेंबर २०२३ मध्ये काढावा लागला, हे येथे लक्षात ठेवावे.

दुसरे टोक एकाएकी दूध तोडण्याचे. स्तनाला कडुनिंब वा कोरफड लावणे, आईला काही दिवस माहेरी पाठविणे, हे उपाय अजूनही सांगितले जातात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील बालोपचरणीय अध्यायात दात आलेल्या मुलास स्तनापासून क्रमाक्रमाने दूर करावे असे सांगितले आहे. परंपरेच्या नावाने घाई करणाऱ्यांनी ह्या क्रमाकडे पाहावे. दोन वर्षे व त्यापुढेही स्तन्यपान चालू ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सांगणे आईच्या झोपेची सोय न करता केवळ उपदेश म्हणून केले, तर ती थकून एक दिवस सर्वच थांबविते. रात्रीचे पाच तास राखून ठेवल्याने दिवसाचे दूध आणखी वर्षभर चालू राहत असेल, तर तो राखीव काळ स्तन्यपानाचा शत्रू नसून त्याचा रक्षकच मानावा लागेल.